रत्नागिरीची स्पेलिंगं तरी किती!

मुलांनो, ‘रत्नागिरी’ हे नाव इंग्रजीत लिहा पाहू. आर-ए-टी-एन-ए-जी-आय-आर-आय. बरोबर! आता दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं एखादं इंग्रजी पुस्तक किंवा नकाशा उघडा. तिथे दिसेल आर-यू-टी-एन-ए-जी-एच-ई-आर-आर-वाय. हे कुठलं गाव बुवा? अहो, आपलंच! साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं, तसं त्याने लिहिलं. ‘कट’ या शब्दातला ‘अ’ इंग्रजीत यू अक्षराने लिहितात ना, मग ‘रत्ना’तल्या ‘र’लाही त्याने यूच लावला.

हर्णैच्या सुवर्णदुर्गाची गंमत तर याहून मोठी. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने हा किल्ला घेतला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८४ मध्ये लंडनला एक मनोरा बांधला. तो अजून उभा आहे आणि त्याचं नाव आहे ‘सेव्हर्नड्रूग’!

हसू येतं खरं, पण अडचण साधी नाही. समजा, संगणकावर चढवलेल्या जुन्या कागदांत तुम्हाला तुमच्या खापरपणजोबांचं नाव किंवा गाव शोधायचं आहे. तुम्ही आजचं स्पेलिंग टाइप करता आणि उत्तर येतं, ‘सापडलं नाही’. कागद असतो तिथेच! पण एक अक्षर बदललं की संगणकाच्या लेखी तो शब्दच निराळा. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतले जुने शब्द शोधणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण तिथेही एकच शब्द जो तो आपापल्या परीने लिही.

यावर एक युक्ती आहे, आणि ती संगणकाहूनही जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. तिला ‘साउंडेक्स’ म्हणतात. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं. पुढचे सगळे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या अक्षरांना आकडे द्यायचे, पण सारख्या आवाजाच्या अक्षरांना एकच आकडा. बी, पी, एफ, व्ही यांना १, जी, के वगैरेंना २, टी, डी यांना ३, एलला ४, एम, एन यांना ५ आणि आरला ६. तीन आकडे झाले की थांबायचं. (कमी पडले तर शून्य लावायचं.)

आता करून पाहा. आजची रत्नागिरी : आर-३५२. साहेबाची रत्नागिरी : आर-३५२! सुवर्णदुर्ग एस-१६५, सेव्हर्नड्रूगही एस-१६५. आहे की नाही जादू?

पण थांबा. अकोले तालुक्यातल्या रतनगड किल्ल्याचं नाव घ्या. उत्तर पुन्हा आर-३५२! आणि रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आणि आपले तात्या टोपे? थिबा टी-१००, टोपेही टी-१००. म्हणजे ही चाळणी जरा मोठ्या भोकांचीच.

मग दुसरी युक्ती. रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये सांगितलं की एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, गाळावी किंवा घालावी लागतात ते मोजा. जितके बदल कमी, तितके शब्द जवळचे. जुन्या स्पेलिंगवरून आजच्या रत्नागिरीवर यायला ५ बदल लागतात. आणि रतनगडवरून? तेही ५च! घ्या, पुन्हा पंचाईत.

इथे भाषेच्या जाणकाराची गरज लागते. बदल म्हणजे दंड समजा. यूचा ए, ई किंवा वायचा आय, एच गाळणं, जोडअक्षरातलं एक काढणं या साहेबाच्या नेहमीच्या खोडी. त्यांना फक्त १० पैसे दंड. बाकी कुठल्याही बदलाला अख्खा रुपया. आता जुन्या स्पेलिंगचा दंड होतो ५० पैसे आणि रतनगडचा ५ रुपये. सुटलं कोडं! मात्र हे दर संगणक आपल्या मनाने ठरवत नाही. साहेब मराठी कसं ऐकायचा हे ज्याला माहीत, त्यानेच ते ठरवायचे. स्कॉट्ससाठी केलेलं दरपत्रक कोकणात चालायचं नाही.

आपल्या घरच्या लिपीतही हा पेच आहेच. जुन्या मोडी कागदांत सहसा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करत नसत. तेव्हा ते शोधताना ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा कर’ असं संगणकाला सांगावं लागतं. पण तसं केलं की ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, दोघे एकाच ओळीत येऊन बसतात! तिथे अखेर वाक्य वाचणारा माणूसच हवा.

आता वही-पेन्सिल घ्या. आपल्या दाभोळ बंदराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं डी-ए-बी-यू-एल, आजचं आहे डी-ए-बी-एच-ओ-एल. दोन्हींचा साउंडेक्स काढा. डी-१४० आला का? मग मराठी दरपत्रकाने दंड मोजा. यूच्या जागी ओ आला तर किती पैसे घ्यायचे, ते मात्र तुम्हीच ठरवा!