पॅलेस्टाइनमधील बाळंतपण आणि सुईण : सात दशकांचा मागोवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅलेस्टाइनच्या खेड्यांतील बाळंतपणे बहुतांशी घरीच होत आणि ती ‘दाया’, म्हणजे अनुभवातून तयार झालेली गावची सुईण, पार पाडीत असे. ब्रिटिश अमलात सुईणींना परवाने देण्याची पद्धत आली, तर १९४८ च्या विस्थापनानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित मदत संस्थेने १९५० पासून हाती घेतलेल्या आरोग्यसेवेत माता-बालकांच्या तपासणीला महत्त्वाचे स्थान मिळाले. १९६७ मध्ये पश्चिम किनारा आणि गाझा पट्टी इस्रायलच्या लष्करी ताब्यात गेले आणि पुढील काही दशकांत प्रसूती हळूहळू घरातून रुग्णालयात गेली. या बदलाने अवघड बाळंतपणात शस्त्रक्रिया आणि रक्त मिळण्याची सोय झाली. परंतु रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावर लष्कराची सत्ता असल्यामुळे स्त्रीची सुरक्षितता त्या रस्त्यावर अवलंबून राहिली.

डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे लोकउठावात, वारंवारच्या संचारबंदीने हे परावलंबन उघड केले, आणि सप्टेंबर २००० नंतरच्या दुसऱ्या उठावात लष्करी तपासणी नाक्यांनी ते जीवघेणे बनवले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार २००० नंतरच्या काही वर्षांत साठहून अधिक स्त्रिया नाक्यांवरच बाळंत झाल्या आणि त्यांतील अनेक अर्भके दगावली. वाट अडेल या धास्तीने कित्येक स्त्रियांनी ठरलेले रुग्णालय सोडून जवळचे गाठले, तर जिथे वाटच उरली नाही तिथे गावातच राहणाऱ्या सुईणीचा आधार घ्यावा लागला.

बिरझेत विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २००९ च्या लेखमालेने प्रसूती जवळजवळ सर्वत्र रुग्णालयांत होत असली तरी सेवेचा दर्जा अपुरा असल्याचे दाखवले. २०१३ पासून पश्चिम किनाऱ्यावर सरकारी रुग्णालयांतील सुईणी खेड्यांत जाऊन गर्भारपणात तपासणी आणि बाळंतपणानंतर गृहभेटी करू लागल्या, ही या इतिहासातील आश्वासक घटना होय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा गाझात सुमारे ५०,००० गर्भवती असल्याचा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचा अंदाज होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात गाझातील अल-शिफा रुग्णालयातून अपुऱ्या दिवसांची ३१ बाळे हलवावी लागली. प्रशिक्षित सुईणी वाढवणे अत्यावश्यक आहेच. परंतु गर्भवतीचा रस्ता आणि रुग्णालय हे दोन्ही लष्करी निर्णयांपासून मुक्त झाल्याखेरीज कोणतेही प्रशिक्षण पुरे पडणार नाही, हाच या सात दशकांचा निष्कर्ष आहे.