आकृतीस स्थिर पानाचें रूप

वहीच्या कागदावर काढलेली आकृति जागची हलत नाहीं; संगणकावरील आकृति मात्र हलूं शकते. जेथें ती काढली त्या यंत्रावर ती नीट दिसते; परंतु दुसऱ्या यंत्रावर तोच टंक नसला, तर अक्षरें चौकटीबाहेर जातात, नांवें भलत्याच रेषेजवळ सरकतात. एखाद्या इमारतींतील विजेच्या तारांचा नकाशा अशा स्थितींत वायरमनच्या हातीं पडला, व कोणती कळ कोणत्या खोलीची हें त्यास चुकीचें समजलें, तर प्रसंग जिवावर बेतावयाचा. म्हणून आकृति दुसऱ्याकडे धाडण्यापूर्वीं तिला स्थिर रूप कसें द्यावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

हें स्थिर रूप म्हणजे पी. डी. एफ. होय. त्याची कल्पना अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनीं १९९१ सालीं मांडली. १९९३ सालीं तें लोकांपुढें आलें, व २००८ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या फाइलींत प्रत्येक रेषा व प्रत्येक अक्षर पानावर नेमकें कोठें असावें हें लिहिलेलें असतें, आणि लागणारा टंकहि तिच्या पोटांत ठेवतां येतो.

आतां मूळ आकृतीकडे वळूं. एस. व्ही. जी. हा आकृति सांठविण्याचा एक प्रकार असून तो २००१ सालीं मान्य झाला. त्यांत चित्राचे ठिपके नसतात, तर शब्दांनीं दिलेलें वर्णन असतें: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, अमुक ठिकाणीं वर्तुळ. रूपांतर करणारी आज्ञावली हें वर्णन वाचून पी. डी. एफ. च्या भाषेंत पुन्हां लिहिते. तसें करतांना तिला दोन हिशेब करावे लागतात. पहिला मापाचा: एस. व्ही. जी. मध्यें एका इंचाचे ९६ भाग धरतात, पी. डी. एफ. मध्यें ७२, म्हणून प्रत्येक माप पाऊणपट होतें. दुसरा दिशेचा: पहिल्यांत उंची पानाच्या माथ्यापासून खालीं मोजतात, दुसऱ्यांत पायथ्यापासून वर. ए-४ पानाची उंची सुमारें ८४२ भाग असते. तेव्हां माथ्यापासून १०० भाग खालीं असलेला बिंदु प्रथम ७५ वर येतो, व ८४२ मधून ७५ वजा जातां पायथ्यापासून ७६७ वर बसतो. हा हिशेब विसरला तर सारी आकृति उलटी पडेल.

मराठी अक्षरांची आणखी एक अडचण आहे. 'वि' या अक्षरांत वेलांटी 'व'च्या नंतर सांठविलेली असते, पण काढावयाची असते त्याच्या आधीं. ज्या आज्ञावलीस ही रीति ठाऊक नाहीं, ती वेलांटी मागें टाकते व जोडाक्षरेंहि मोडते. इंकस्केप हा विनामूल्य कार्यक्रम हें काम जाणतो. शिवाय अक्षरांच्या रेषा करून टाकण्याची सोयहि त्यांत आहे.

त्याची खिडकी न उघडतां दुसऱ्या आज्ञावलीकडून त्यास कामास लावतां येतें. पायथॉन भाषेंत दहाबारा ओळी पुरतात: फोल्डरांतील एकेक फाइल घ्यावी, नांवाचा शेवट बदलावा, रूपांतर करवावें, आणि एखादी फाइल बिघडली तर तिचें नांव टिपून पुढें जावें. पन्नास आकृत्या हातानें उघडून जतन करण्याचें कष्ट त्यानें वांचतात. व्हिझिओच्या आकृत्यांसाठीं लिबरऑफिस याच रीतीनें राबवितां येतें.

तरीहि शेवटची तपासणी मनुष्यानेंच करावी. रेषा पानाच्या कडेशीं कापली गेली नाहीं ना, टंक आंत आला ना, चित्र मोठें करून पाहतां कडा स्वच्छ राहतात ना, हें पाहावें. कडा फुटल्या तर रेषांऐवजीं ठिपके गेले असें समजावें. मूळ फाइलहि जपून ठेवावी, कारण पुढील दुरुस्ती तिच्यांतच करणें सोपें असतें. यंत्र न थकतां राबतें खरें. पण नकाशा बरोबर आहे असें म्हणून तो दुसऱ्याच्या हातीं देण्याची जबाबदारी आपलीच, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.