सही करण्याआधी कागद समजून घ्या

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर शाळा, पाट्या आणि सातबारा येतात. १९५६ पासून आपण त्यासाठीच झगडत आलो. पण हाच प्रश्न कारखान्याच्या दारातही उभा आहे, याकडे आपले लक्ष कमी गेले.

येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी भागातील कितीतरी मराठी मुले उद्यमबागेत कामाला जातात. त्यांतील अनेकांना आम्ही वर्गात शिकवले आहे. मध्यंतरी असाच एक विद्यार्थी घरी आला. "सर, एवढा कागद वाचून सांगा," म्हणाला. कागद कन्नडमध्ये होता. आम्ही शाळेतील कन्नडच्या शिक्षकांकडून अर्थ पक्का करून घेतला. 'मी स्वखुशीने जादा काम करीत आहे,' असा मजकूर आणि खाली त्याचीच सही!

स्वखुशी कसली? पाळी सुटताना सुपरवायझर दारात आडवा उभा राहायचा. "थांबायचे नसेल तर उद्यापासून येऊ नकोस," हे ठरलेले. कोणी विचारलेच तर चारचौघांत शिवी. भट्टीपुढे बारा-बारा तास काढायचे आणि जादा तासांचे पैसे मात्र नेहमीच्याच दराने.

कायदा वेगळे सांगतो. जादा कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनचा हक्क आहे. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता आली. तिच्यातही दिवसाचे काम ८ तासांचे, जादा कामाला कामगाराची संमती आणि मोबदला दुप्पट, असेच आहे. आणि जो कागद समजलाच नाही, त्यावरच्या सहीला संमती कसे म्हणावे?

आमचे सांगणे एवढेच. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका, आधी अर्थ विचारा. येण्याजाण्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. सुपरवायझरशी हातघाईवर येऊ नका, त्यात नोकरी जाते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. बोलायचे तर दोघे-तिघे मिळून बोला. ऐकले नाही, तर कामगार खात्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हा अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने तो हक्क प्रत्येकाला दिला आहे.

आणखी एक. त्याच भट्टीपुढे कन्नड भाषिक कामगारही तेवढेच तास राबतात. त्यांना कागद वाचता येतो, पण नकार त्यांनाही देता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याने पाच जणांसह अर्ज केला, त्यांत दोघे कन्नड होते. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही लिहिला.

थकलेले पैसे अजून हाती आलेले नाहीत. पण आता थांबवण्याआधी विचारले जाते, आणि नाही म्हणणारा वेळेवर घरी जातो. बेळगावच्या मराठी माणसाने पोटासाठी राबावे, पण आंधळी सही करून नव्हे.