गोधडी उलटून पाहा

विदर्भातले हिवाळ्याचे नीचांकी तापमान अनेकदा गोंदियात नोंदले जाते, त्यामुळे गोधडी ही तिथे हौसेपेक्षा गरजेची वस्तू. सीमेपलीकडे छत्तीसगडात तिलाच कथरी म्हणतात. जुनी गोधडी हाती आली की नमुना कुठला, असे विचारले जाते आणि उत्तर वरच्या आकारांत शोधले जाते. माझ्या मते ते तिथे सापडत नाही. नऊ तुकड्यांचा चौकोन, तिरके त्रिकोण, एकात एक चौकटी अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टवरही दिसतात. सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटते, म्हणून चौकोन आणि पट्ट्या आपसूक मिळतात. चौकोन तिरपा कापला की त्रिकोण. जिथे कात्री आणि जुने कापड आहे, तिथे हे आकार कुणाकडून न शिकताही उमटतात. खरी ओळख शिवणीत आहे. अमेरिकी पद्धतीत बहुधा तुकडे आधी एकमेकांना जोडून वरचा पदर तयार होतो, मग थर शिवले जातात. आपल्याकडे पुष्कळदा जुन्या लुगड्याचे थर अंथरून त्यांवरच तुकडे मुडपून बसवतात आणि तोच धावदोरा सगळे थर धरतो. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदही अशीच, कडेपासून आत शिवत नेलेली. म्हणून गोधडी उलटून टाक्याची दिशा पाहावी.

यावर कुणी म्हणेल, मग नमुना म्हणजे निव्वळ टंचाईचा हिशेब. तसे असते तर तुकडे हाती येतील तसे लागले असते. पण लुगड्याचा काठ नेमका कडेला येतो, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकच रंग बसतो. तुकडे टंचाईने दिले असतील, मांडणी शिवणारीने ठरवलेली असते.

नमुना वापरायचा तर जुनी गोधडी कापू नये. आकार कागदावर उतरवून घ्यावेत. नवे सुती कापड आधी धुवावे, नाहीतर ते नंतर आटते आणि तुकडे ओढले जातात. तुकडे जोडून करायचे असल्यास चारी बाजूंना पाव इंच शिवण धरावी, म्हणजे 6 इंचांच्या चौकोनाला साडेसहा इंच कापड. अस्तराला नऊवारी उत्तम: साधारण 8 मीटर लांबी, चौघडी केली की माणसाच्या उंचीपेक्षा थोडी लांब. आता घरोघरी सिंथेटिक साड्याच उरल्या आहेत, त्या का नकोत? वरच्या पदराला चालतील, टिकतातही. आतल्या थरांत मात्र त्या सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि नमुना हुबेहूब उतरला तरी अंगावर घेणारा ती गोधडी पायाशी ढकलतो.