आगाऊ आयकर आणि बागायतदाराचा अंदाज

शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सर्वांस ठाऊक आहे, तितकी कायद्याची दुसरी कोणतीही गोष्ट क्वचितच असेल. १८८६ च्या कायद्यानें ही सूट दिली, १९२२ व १९६१ च्या कायद्यांनीं ती पुढें चालविली, आणि ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून, त्या २०२५ च्या कायद्यानेंही ती राखिली आहे. परंतु ज्या कास्तकारास शेतीखेरीज दुसरें उत्पन्न आहे, त्याचें शेतीचें उत्पन्न करांतून मुक्त असलें तरी हिशेबांतून मुक्त नसतें. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ सधन बागायतदारांचा आगाऊ कराचा अंदाज चुकतो व मागाहून व्याज भरावें लागतें.

दुसरें उत्पन्न म्हणजे गोदामाचें किंवा गाळ्याचें भाडें, पेढींतील ठेवींचें व्याज, खत-बियाण्यांच्या दुकानाचा नफा, भाड्यानें दिलेल्या ट्रॅक्टरची कमाई, इत्यादि. दूध व कोंबड्या यांचा धंदाही कायद्याच्या दृष्टीनें शेती नव्हे, मग गोठा विहिरीच्या कांठीं कां असेना! रोपवाटिकेंतील रोपांचें उत्पन्न मात्र शेतींतच धरतात.

आगाऊ कराची पद्धत आपल्या देशांत १९४४ सालीं, महायुद्ध चालू असतां आली. वर्ष संपून आकारणी होण्याची वाट न पाहतां, ज्या वर्षीं कमाई त्याच वर्षीं कर, हें तिचें सूत्र. मुळांत कापला गेलेला कर वजा जातां ज्याचें देणें १०,००० रुपये किंवा अधिक राहतें, त्यास ती लागू होते. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचा शेंकडा १५ भाग, १५ सप्टेंबरपर्यंत मागील धरून ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ व १५ मार्चपर्यंत सर्व रक्कम भरावयाची असते.

महसूल खात्यांत हयात गेलेल्या माणसास येथें एक फरक तेव्हांच दिसतो. जमिनीचा सारा सरकार ठरवितें, आणि तलाठी आंकडा सांगतो. आगाऊ कराचा आंकडा ज्याचा त्यानेंच काढावयाचा असतो. साऱ्याचा हप्ता थकला तर १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणें चौथाईपर्यंत दंड होऊं शकतो. पण तो खातेदारानें जाणूनबुजून कसूर केली असें दिसल्यास, व तेंही कलेक्टरांच्या मर्जीनें. आयकराचें व्याज कोणाच्या मर्जीची वाट पाहत नाहीं. तें हिशेबाबरोबर आपोआप चढतें. शिवाय या तारखा पीक पाहून ठरविलेल्या नाहींत. १५ जून म्हणजे ऐन पेरणीचे दिवस, जेव्हां घरांतला पैसा बाहेर जात असतो!

आतां अंदाज कोठें चुकतो तें पाहूं. “बारा लाखांपर्यंत कर नाहीं” हें वाक्य २०२५ च्या अंदाजपत्रकापासून चावडीवरही ऐकूं येतें. तें नोकरदारास बहुधा ठीक आहे. पण समजा, एका बागायतदारास दुकान व भाडें मिळून १२ लाख रुपये निव्वळ उत्पन्न आहे, आणि ऊस व द्राक्षें यांचें निव्वळ उत्पन्न ५ लाख आहे. शेतीचें उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक व दुसरें उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असलें, म्हणजे कर ठरवितांना दोन्ही एकत्र धरतात. २०२५-२६ सालच्या नव्या पद्धतीच्या दरानें १७ लाखांवर कर १,४०,००० रुपये होतो. त्यांतून शेतीचे ५ लाख व करमुक्त मर्यादेचे ४ लाख, अशा ९ लाखांवरचा ३०,००० रुपये कर वजा जातो. राहिले १,१०,०००. जी सवलत बारा लाखवाल्यास कर माफ करिते, तिची कमाल मर्यादा ६०,००० रुपये आहे. म्हणजे ५०,००० रुपये कर व त्यावर शेंकडा ४ प्रमाणें उपकर मिळून ५२,००० रुपये देणें उरतें. शेतीवर कर बसला नाहीं हें खरें. पण शेतीनें हलक्या दराचे टप्पे व्यापिले आणि दुकानाचें उत्पन्न भारी दराच्या टप्प्यांत ढकललें गेलें.

हा गृहस्थ “आपणांस कर नाहीं” म्हणून स्वस्थ बसला व पुढील जुलैमध्यें सर्व रक्कम भरूं लागला, असें धरूं. मुळांत कांहीं कापलेलें नाहीं. हप्ते चुकल्याबद्दल दरमहा शेंकडा १ प्रमाणें जूनच्या हप्त्याचे २३४, सप्टेंबरचे ७०२, डिसेंबरचे १,१७० व मार्चचे ५२० रुपये व्याज होतें. वर्षअखेर शेंकडा ९० भागही भरला नाहीं म्हणून एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे आणखी २,०८० रुपये. एकूण ४,७०६. महिन्याचा एक दिवसही पुरा महिना धरला जातो, आणि हें व्याज दुकानाच्या खर्चांत दाखवितां येत नाहीं.

ज्यांचें वय ६० वर्षें झालें आहे व ज्यांस धंद्याचें उत्पन्न नाहीं, अशा वृद्धांस आगाऊ कर माफ आहे. केवळ भाडें व व्याज असणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. लहान दुकानदार विक्रीवर ठराविक नफा दाखवून कर देत असेल, तर त्यास १५ मार्चपर्यंत एकच हप्ता पुरतो. गांवठाणांतील एखादा भूखंड वर्षाच्या मध्यें विकला गेला, तर त्या नफ्याचा कर विक्रीनंतर येणाऱ्या हप्त्यांत भरल्यास आधींच्या हप्त्यांबद्दल व्याज लागत नाहीं.

जूनमध्यें उसाचें बिल किती निघेल हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. म्हणून त्या वेळीं गेल्या वर्षाचे आंकडे घ्यावे व दर हप्त्यास ते दुरुस्त करावे; अंदाज बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. जूनमध्यें शेंकडा १२ व सप्टेंबरपर्यंत ३६ भाग भरला असला तरी त्या हप्त्यांचें व्याज माफ होतें. शेतीचा खर्च व विक्री यांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्या, कारण शेतीचा निव्वळ आंकडाच येथें लागतो. मार्चची १५ तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करांतच जमा धरतात. चलन भरतांना मात्र ‘आगाऊ कर’ हेंच सदर व वर्ष बरोबर घातलें आहे ना, हें पैसे देण्यापूर्वीं पाहून घ्यावें.