पहिली पंप बंदूक : निवड आणि विवेक

शस्त्रपरवान्यासाठी अर्ज करताना, किंवा परवाना हाती आल्यानंतर, अर्जदारापुढे एक साधा पण महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो : बंदूक कोणती घ्यावी? ग्रामीण भागात हा प्रश्न पुष्कळदा सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेतील शिक्षक यांच्याकडे सल्ल्यासाठी येतो. चित्रपटांमुळे ‘पंप बंदूक’ हे नाव तरुणांच्या तोंडी रुळले आहे. नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून भरली जाणारी ही बंदूक अमेरिकेत नवशिक्याची पहिली बंदूक म्हणून प्रसिद्ध आहे. मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजी आणि पक्ष्यांची शिकार ही दोन्ही कामे तेथे एकाच बंदुकीने साधली जातात. आपल्याकडे मात्र यांतील एका कामाला कायद्याने पूर्ण मज्जाव आहे आणि दुसऱ्या कामाचे नियम निराळे आहेत. ही बंदूक कशी चालते, तिची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी आणि आपल्या देशात तिला कोणत्या मर्यादा आहेत, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

छऱ्याची बंदूक

पंप बंदूक हा छऱ्याच्या बंदुकीचा एक प्रकार होय. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात व तिच्यातून एकच गोळी सुटते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि एका काडतुसातून शेकडो बारीक छरे एकदम बाहेर पडतात. पुढे जाता जाता हे छरे पसरत जातात. त्यामुळे उडत्या लक्ष्यावर नेम धरणे शक्य होते.

या बंदुकीचे माप ‘बोअर’ या संज्ञेने सांगितले जाते. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास असेल तोच १२ बोअरच्या नळीचा व्यास असतो. तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. वीस गोळ्या केल्यास प्रत्येक गोळी लहान होते. म्हणून २० बोअरची नळी सुमारे १५.६ मिलिमीटरची, अर्थात १२ बोअरपेक्षा अरुंद असते. आकडा मोठा म्हणजे बंदूक मोठी, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

नळीच्या तोंडाशी व्यास किंचित आवळलेला असतो. त्यास ‘चोक’ म्हणतात. पूर्ण आवळ असलेल्या नळीतून सुटलेल्या छऱ्यांपैकी साधारणपणे ७० टक्के छरे ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात पडतात. मध्यम आवळात हे प्रमाण ६० टक्के, तर सौम्य आवळात ५० टक्के असते. लक्ष्य जवळचे असेल तर सौम्य आणि लांबचे असेल तर अधिक आवळ, असा हा हिशेब आहे. अलीकडच्या बंदुकांत आवळाची नळकांडी आट्यांनी बसविता व बदलता येतात. एकच बंदूक अनेक कामांस उपयोगी पडते, ती यामुळेच.

पंपाची यंत्ररचना

पंप बंदुकीच्या नळीखाली दुसरी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक ठेवलेली असतात. बार उडाल्यावर डाव्या हातातील सरकती मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत चढते आणि खटका बंद होतो. हे सारे काम हाताच्या जोराने होत असल्याने काडतूस हलके असो वा भारी, यंत्र अडत नाही. भाग थोडे असल्याने साफसफाई सोपी जाते आणि किंमतही बेताची राहते.

अमेरिकेतील शस्त्रशिल्पी जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर कंपनीची १८९७ ची बंदूक या प्रकाराला लोकप्रिय करणारी ठरली. त्याच कंपनीचा १९१२ चा नमुना, १९५० च्या सुमारास बाजारात आलेली रेमिंग्टन ८७० आणि त्यानंतरच्या दशकातील मॉसबर्ग ५०० या बंदुका तेथील शेतकरी व मध्यमवर्गीय कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर पोहोचल्या.

या यंत्राचा एक दोष नवशिक्याला प्रथम जाणवतो. घाईत मूठ पूर्ण मागे ओढली गेली नाही, तर रिकामे काडतूस अडकते किंवा नवे चढतच नाही. पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, ही सवय हाताला लागेपर्यंत सराव करावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दुनळी बंदूक मधून मोडून उघडली की तिच्यात काडतूस नाही हे आजूबाजूच्या सर्वांना दिसते. पंप बंदूक रिकामी आहे किंवा नाही, हे बाहेरून तितक्या सहजपणे कळत नाही.

निवडीच्या कसोट्या

अमेरिकेतील अनुभवी प्रशिक्षक नवशिक्याला सर्वप्रथम बंदूक खांद्याला लावून पाहण्यास सांगतात. छऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची माशी बहुधा नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची माशी. डोळे मिटून बंदूक खांद्याशी आणावी व मग डोळे उघडावेत. नजर नळीच्या पाठीवरून सरळ पुढे जात असेल, तर दस्ता शरीराला जुळला असे समजावे. दस्ता लांब असल्यास तो काखेत अडकतो. आखूड असल्यास धक्क्याने अंगठा नाकावर आदळतो. किंमत, नक्षी आणि कंपनीचे नाव यांचा विचार त्यानंतर करावा.

दुसरी कसोटी वजन व धक्का यांची. १२ बोअरची पंप बंदूक साधारणपणे तीन ते साडेतीन किलोग्रॅम वजनाची असते. हलकी बंदूक रानात फिरताना सोयीची, परंतु तिचा धक्का जास्त बसतो. दिवसभरात शंभर बार काढावयाचे असल्यास थोडी जड बंदूक आणि हलके काडतूस अधिक बरे. लहान चणीच्या व्यक्तींना २० बोअरची बंदूक झेपते. मात्र तिच्या काडतुसात छरे कमी असतात. धक्क्याची भीती बसली की चाप ओढताना डोळे मिटण्याची खोड लागते व ती पुढे सहसा जात नाही.

तिसरी कसोटी नळीच्या लांबीची. दोन्ही कामांसाठी २६ किंवा २८ इंचांची नळी योग्य मानली जाते. आखूड नळीची बंदूक दिसायला रुबाबदार असली, तरी उडत्या लक्ष्यामागे ती एकसारखी फिरत नाही.

पक्ष्याकडून तबकडीकडे

ही नेमबाजी मुळात जिवंत पक्ष्यांवर चालत असे. पिंजऱ्यातून कबुतरे सोडून त्यांच्यावर बार टाकण्याच्या स्पर्धा युरोप-अमेरिकेत होत. १९०० साली पॅरिस येथेही अशी स्पर्धा झाली. तत्पूर्वीच, १८८० साली, सिनसिनाटी शहरातील जॉर्ज लिगोव्स्की यांनी हवेत भिरकावता येणारी मातीची तबकडी तयार केली होती. आजची तबकडी डांबर व चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाची असते. तिचा आंतरराष्ट्रीय व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. परंतु ‘मातीचे कबूतर’ हे तिचे नाव टिकून राहिले.

याच सिनसिनाटी शहरातील प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी प्रवासी कबुतरांच्या जातीतील अखेरचा पक्षी मरण पावला. एके काळी आकाश झाकून टाकणारे या पक्ष्यांचे थवे बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे नाहीसे झाले. त्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा १९१८ मध्ये झाला. अशा पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावू नयेत, असा दंडक आहे. त्यासाठी पंप बंदुकीच्या काडतूस-नळीत दांडी बसवावी लागते. बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न १९३७ च्या कायद्यान्वये वन्यजीव-संवर्धनाकडे वळविण्यात आले. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छरे खड्यांबरोबर गिळून बदके विषबाधेने मरतात हे सिद्ध झाल्यावर, १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना देशभर बंदी झाली. शिकारीला परवानगी असलेल्या देशातही बंदुकीचा वापर किती नियमबद्ध असतो, हे यावरून दिसून येईल.

आपल्या देशातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अमलात आल्यापासून शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना होऊन दंडात वाढ झाली. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतील पक्ष्याची शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. पक्ष्यांची घरटी वा अंडी यांची नासधूस करणे हेही शिकारीच्या व्याख्येत मोडते. हातात गलोल घेऊन हिंडणाऱ्या मुलांना ही गोष्ट शिक्षकांनी समजावून सांगण्यासारखी आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, तर पीकसंरक्षणासाठी प्रथमतः ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यासच दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना, असा गैरसमज आढळतो. तो दूर केला पाहिजे. शस्त्रपरवाना बंदूक बाळगण्याचा अधिकार देतो. प्राणी मारण्याचा नव्हे. रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करीत असल्यास वनविभागाकडे तक्रार करून सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश मिळविणे, तसेच नुकसानभरपाईसाठी अर्ज करणे, हाच वैध मार्ग होय.

राहता राहिला तबकडीचा खेळ. या बाबतीत एक मुद्दा बंदूक घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ट्रॅप व स्कीट या स्पर्धांत पंप बंदूक वापरता येत नाही. काडतुसातील छऱ्यांचे वजनही २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे ध्येय बाळगणाऱ्या खेळाडूने एकावर एक नळ्या असलेल्या दुनळी बंदुकीवरच सराव सुरू करणे हिताचे ठरते. परदेशी शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने क्लबच्या बंदुकीवर शिकून मगच खरेदीचा विचार करावा.

या खेळाची परंपरा आपल्याकडे लहान नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर हे होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नेमबाजांना पुढची वाट दाखविते. बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले. २००४ साली अथेन्स येथे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये ऑलिंपिक रौप्यपदक जिंकले. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. ट्रॅप व स्कीट मात्र कायम आहेत.

जबाबदारी

बंदूक कोणतीही असो, काही नियम न मोडण्याचे आहेत. नळीचे तोंड कधीही माणसाकडे नसावे. चापावर बोट बार काढतेवेळीच जावे. बंदूक हाती घेताच ती उघडून, काडतूस-नळीसह तपासावी. दोन मापांची काडतुसे एकत्र ठेवू नयेत. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते व त्यामागे १२ बोअरचे काडतूस चढवून बार काढल्यास नळी फुटते. याच कारणासाठी २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची केली जातात. बारीक छरासुद्धा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून लक्ष्यामागे काय आहे ते पाहिल्याविना बार काढू नये. नेमबाजीच्या वेळी कान व डोळे झाकावेत. घरी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा आता स्वतंत्र गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. गावातील समारंभाचे पुढारपण करणाऱ्या पंचायत सदस्यांनी ही तरतूद आधीच सर्वांच्या कानी घातल्यास एखादा जीव वाचू शकेल.

मुंबईत १९०८ च्या सुमारास एका मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. हातात बंदूक असलेल्या मुलाला त्या कार्यालयात मिलार्ड या जाणत्या गृहस्थांनी आस्थेने पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. गावात बंदुकीविषयी विचारणा घेऊन येणाऱ्या तरुणाला असेच जाणते उत्तर मिळाले पाहिजे. बंदूक कशासाठी हवी, हे त्याला प्रथम विचारावे. खेळासाठी हवी असल्यास त्याला नेमबाजी केंद्राकडे, पिकासाठी हवी असल्यास आधी वनविभागाकडे पाठवावे. पक्ष्यांसाठी हवी असेल, तर त्याच्या हाती दुर्बीण द्यावी.