डॉक्टर व्हायला निघालेल्या रमाबाई

१८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर होण्यासाठी. आदल्याच वर्षी पटकीने नवरा गेला होता. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, पुरुषाला दुखणं सांगण्यापेक्षा कितीतरी जणी मरण पत्करतात, असं त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्याला सांगितलेलं आधी आपण करून दाखवायचं, हा त्यांचा स्वभाव. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाच्या खर्चाला हातभार लागला आणि त्या बोटीत बसल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. थोड्याच काळात स्पष्ट झालं की त्यांना नीट ऐकू येत नाही आणि हा दोष वाढतोच आहे. वैद्यकीचं शिक्षण तिथेच संपलं. वय पंचवीस.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत, साक्षीत, तरुणांच्या शिबिरांत ‘समर्पण’ हा शब्द फार येतो. आपली स्वप्नं प्रभूच्या पायाशी ठेवा, त्याची इच्छा ती आपली इच्छा म्हणा, असं सांगितलं जातं. मला हे मनापासून मान्य आहे. पण ते प्रत्यक्षात कसं घडतं, त्यात काय सोडावं लागतं आणि काय मुळीच सोडायचं नसतं, हे कुणी फारसं उलगडून सांगत नाही. रमाबाईंच्या चरित्रात ते दिसतं. देवापुढे त्यांनी एकेक करून जवळजवळ सगळं ठेवलं. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांपुढे मात्र स्वतःची बुद्धी कधी ठेवली नाही. या दोन गोष्टींत गल्लत झाली की समर्पणाचं नुसतं दबणं होतं, आणि माझ्या मते आपल्याकडे ती गल्लत सर्रास होते.

रमाबाई कुठून आल्या ते आधी पाहायला हवं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मग ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सगळं कुटुंब तीर्थाटन करत, देवळांतून पुराण सांगत हिंडू लागलं. दानधर्म, उपासतापास, तीर्थस्नानं हातातला पैसा संपेपर्यंत चालली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना गाठलं. विद्वानाच्या घरात कष्टाचं काम कुणाला शिकवलेलं नव्हतं, आणि मागायची लाज वाटत होती. वडील गेले. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा रमाबाई शेजारच्या बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. त्या बाईसमोर उभं राहून तोंडातून शब्द काढताना काय वाटलं, ते आपण कधी विसरणार नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. तुकडा मिळाला, पण आईला तो खाववला नाही. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसं पुरेनात. एका बाजूला रमाबाईच लागल्या. उंची कमी पडली म्हणून तिरडीची ती बाजू त्यांनी डोक्यावर घेतली.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या याच मुलीला. विशीतली अविवाहित बाई सभेत उभी राहून संस्कृतात बोलते, हे लोकांनी तोवर पाहिलं नव्हतं. त्या कीर्तीवर सबंध आयुष्य सुखाने निघालं असतं.

आता पुन्हा इंग्लंडला येऊ. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथे काही तरुण मुलग्यांनाही शिकवण्याचा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर बाईच्या कामाला हे बाधेल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, त्यांनाही बिशपांचंच पटलं. रमाबाईंची उत्तरं आज वाचायला मिळतात. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापला आहे. मायदेशात आईने आणि आपण तरुण मुलग्यांना शिकवलं, त्यात वडिलांना किंवा नवऱ्याला काही वावगं वाटलं नाही, मग इथे का वाटावं, असा त्यांचा सवाल होता. देवाने मला विवेक दिला आहे, तो वापरण्याची जबाबदारीही माझीच, हा त्यांचा मुद्दा. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या, चर्चच्या मतांगीकारांतली वाक्यं तपासली, शुभवर्तमानात जे सापडत नाही ते केवळ परंपरा म्हणून मानायला नकार दिला. खाणं शाकाहारीच ठेवलं. तेही खटकलं आणि त्यात जुना अभिमान शोधला गेला. आजीबाईंनी त्यांना नम्रता शिकवायचा खूप प्रयत्न केला. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, म्हणून ती पत्रं वाचताना जास्त त्रास होतो.

नुकता बाप्तिस्मा झालेली, परक्या देशात पदरी लहान मूल घेऊन दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी ही विधवा. ऐकून घेणं तिला सोपं गेलं असतं आणि त्याला सगळ्यांनी समर्पणच म्हटलं असतं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या. जे आपल्याला होता आलं नाही ते नात्यातली ही मुलगी झाली, हे त्यांनी समोर बसून पाहिलं. त्या वेळी मनात काय आलं असेल याचा मी अंदाज करत नाही. एवढं खरं की परत न जाता त्या अमेरिकेतच दोनेक वर्षं व्याख्यानं देत हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं, आणि त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं तिने कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. धर्माची सक्ती नाही, प्रत्येकीने आपलं सोवळंओवळं पाळावं, असा करार होता. पुण्यातल्या सुधारकांच्या मांडीला मांडी लावून काम करायचं आणि या समाजाच्या आतून स्त्रियांचा प्रश्न सोडवायचा, ही रमाबाईंची दुसरी मोठी आकांक्षा. ती फळाला येत होती.

अशात १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन आलं. हा पाळक बरीच वर्षं धर्मोपदेश करत होता, आणि आपल्याला ख्रिस्त भेटलेलाच नाही हे त्याला फार उशिरा उमगलं. रमाबाईंना हेच आपलंही आहे असं वाटलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी हे! वाद जिंकणाऱ्या बुद्धीने जो प्रश्न सुटला नव्हता, तो त्यांनी देवापुढे हात टेकून सोडवला. समर्पणाचा क्षण म्हणायचाच तर मी १८८३ पेक्षा या वर्षाला म्हणेन.

त्याची किंमत दोन वर्षांत चुकवावी लागली. रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने कोरडे ओढले. पालक बिथरले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच मुली काढून नेल्या गेल्या. या प्रकरणात रमाबाईंची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्या बापांनी शब्दावर विसंबून विधवा मुली पाठवल्या, त्यांचा धसका खोटा नव्हता. पण स्वतःच्या खोलीचं दार लावून प्रार्थना करा, ही अटही रमाबाईंना मान्य होणं शक्य नव्हतं. पुण्यातलं त्यांचं पुढारीपण संपलं. ज्या शहराने त्यांना डोक्यावर घेतलं होतं, तिथे त्या परक्या झाल्या.

तरी त्यांनी हिशेब नीट मांडून ठेवला होता. अमेरिकेची दहा वर्षं संपणार, तेव्हा उत्पन्नाचं साधन हवं म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बाग धरेल, तिच्यावर शाळा चालेल, असा बेत. शहाणा बेत होता. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून त्यांना आपले आईवडील आठवले. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुलीबाळींना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग. नवी माणसं शहरात आणायला बंदी झाली, तेव्हा या मुलींना ठेवायला केडगावच्या त्या माळावरच्या झोपड्याच उरल्या. ‘मुक्ती’ वसली ती अशी. पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि १९०० च्या आसपास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. बागेच्या उत्पन्नावर इतकी तोंडं पोसणं शक्यच नव्हतं. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रं रमाबाईंनी वाचली होती. पगाराची किंवा ठरलेल्या देणगीची हमी नसताना, प्रार्थनेवर विसंबून या दोघांनी अनाथालयं आणि मिशन चालवली. आपल्या देशात असं का होऊ नये, असं रमाबाईंनी मनाशी म्हटलं आणि तसंच केलं.

नुसत्या प्रार्थनेवर मात्र मुक्ती चालली नाही. इथे मला त्या बाजरीच्या भाकरीचा धागा दिसतो. कष्ट येत नाहीत म्हणून माणसं उपाशी मरतात, हे त्यांनी घरात पाहिलं होतं. म्हणून मुक्तीतल्या प्रत्येकीला हाताला काम होतं: शेती, गोठा, विणकाम, घाणा, छापखाना. अंध मुलींनाही हुन्नर शिकवले जात.

समर्पणाला आणखी एक बाजू असते. एकाच्या समर्पणाची झळ घरच्यांना कशी लागते, याबद्दल आपल्या भाषेत सर्वांत खरं लिहिलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, आणि लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं लेकराला घेऊन नातलगांच्या आधाराने त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या मागे फरपटत नव्हे, तर स्वतःला पटल्यावर. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. संसाराच्या खर्चाचं काय, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांची श्रद्धा जाणवते, आणि रोजची चूल पेटवणाऱ्या बाईची ओढाताणही. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. पाचारण एकाला होतं आणि झळ चौघांना बसते, ही गोष्ट व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावी.

पुन्हा रमाबाईंकडे येऊ. त्यांनी शेवटी जे सोडलं ते मला सर्वांत अवघड वाटतं. त्यांची संस्कृत वाणी. चालू मराठी बायबल कमी शिकलेल्या बायकांना कळत नाही, हे मुक्तीत रोज दिसत होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी, पंचेचाळिशी उलटल्यावर, ऐकू येणं आणखी कमी झालेलं असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सबंध बायबलाचं भाषांतर हाती घेतलं. अट एकच, की मुक्तीतल्या बाईला ते वाचून समजलं पाहिजे. जिने कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतात गप्प केलं, ती आता जड शब्द वेचून बाजूला काढत होती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली होत्या.

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती आणि पुढे संस्था तीच चालवणार हे ठरल्यासारखं होतं. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीत, ती गेली. रमाबाईंनी भाषांतराचं आणि मुद्रितं तपासण्याचं काम चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर आलं. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी उपासनेसाठी ते फारसं स्वीकारलं नाही, तिथे बायबल सोसायटीचंच चालत राहिलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे आणि निराधार बायकामुलींना तिथे आसरा मिळतो.